प्रतिसृष्टीतील नाणे : अद्भुतिकेतील चलनव्यवस्थेचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

अद्भुतिकेच्या अभ्यासात नकाशे, वंशावळी, कल्पित भाषा आणि जादूचे नियम यांची चर्चा पुष्कळ होते. त्या मानाने तेथील बाजारात लोक कोणते नाणे मोजतात, ते कोण पाडते, कोणाच्या खिशात ते असते आणि कोणाच्या नसते, हा प्रश्न गौण ठरवला जातो. याचे कारण उघड आहे. अद्भुतिका म्हणजे पोटापाण्याच्या विवंचनेतून घटकाभर सुटका, असा एक समज समीक्षेतही रुजलेला आहे. ज्या जगात कांडी फिरवून दिवे लागतात, तेथे पैशाची पंचाईत कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि प्रत्यक्ष कलाकृतींकडे पाहिले तर हा समज टिकत नाही. विसाव्या शतकातील आणि त्यानंतरच्या महत्त्वाच्या अद्भुतिकांमध्ये नाणे वारंवार येते आणि अनेकदा नेमक्या निर्णायक ठिकाणी येते. प्रस्तुत निबंधात टॉल्किन, रोलिंग, प्रॅचेट आणि ल ग्विन यांच्या कृतींच्या आधारे, आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मोर व बटलर यांच्या परंपरेचे भान ठेवून, कल्पित चलनाचे वाङ्मयीन कार्य काय असते ते तपासायचे आहे. निबंधाचे प्रमेय थोडक्यात असे मांडता येईल : कल्पित नाणे विश्वसनीय होते ते त्याच्या कोष्टकामुळे नव्हे, ते नाणे ज्या श्रमाशी, ज्या ऋणाशी आणि ज्या बोलीशी बांधलेले असते त्यामुळे होते.

‘प्रतिसृष्टी’ हा शब्द येथे हेतुपूर्वक वापरला आहे. विश्वामित्राच्या कथेमुळे मराठी वाचकाला तो परिचित आहे. टॉल्किन यांनी परीकथांविषयी १९३९ साली दिलेल्या आणि १९४७ साली निबंधरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात लेखकाला दुय्यम निर्मात्याचे स्थान दिले. निर्माण केलेले जग आतून सुसंगत असेल तर वाचक त्यावर दुय्यम प्रतीचा विश्वास ठेवतो, अशी त्यांची भूमिका होती. येथे एक साम्य ध्यानात येते. नाणे हीसुद्धा विश्वासावर चालणारी वस्तू आहे. कल्पित जगातील नाण्यावर वाचकाने विश्वास ठेवायचा असतो आणि त्याच नाण्यावर त्या जगातील माणसांनीही विश्वास ठेवायचा असतो. हे दोन विश्वास एकमेकांत कसे गुंततात, हा या अभ्यासाचा खरा विषय आहे.

२. पैशाची दोन मते

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात पैशाची तीन कार्ये सांगितली जातात : विनिमयाचे माध्यम, मूल्याचे माप आणि मूल्याचा साठा. पैसा कोठून येतो याविषयी मात्र दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार पैसा बाजारातून उगवतो. सर्वांना हवीशी असणारी वस्तू, विशेषतः धातू, हळूहळू माध्यम बनते. कार्ल मेंगर यांनी १८९२ साली हे मत मांडले. दुसऱ्या मतानुसार पैसा ही राजसत्तेची निर्मिती आहे. राजा ज्या खुणेने कर स्वीकारतो ती खूण म्हणजे पैसा. क्नाप यांच्या १९०५ सालच्या जर्मन ग्रंथाने या मताला शास्त्रीय रूप दिले.

आपल्या इतिहासात दोन्ही मतांना पुष्टी देणारी उदाहरणे आहेत. कवडी कोणत्याही टांकसाळीतून निघाली नाही, तरी ती चालली. उलट, मुहम्मद तुघलकाने १३३०च्या सुमारास तांब्यापितळेची सांकेतिक नाणी काढून ती चांदीच्या भावाने चालवण्याचा हुकूम दिला. खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला आणि अखेर ती परत घेऊन खजिन्यातून मोल द्यावे लागले. राजाज्ञा पैसा घडवू शकते, पण लोकांचा विश्वास आज्ञेने घडत नाही, हा त्यातला धडा. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली, त्यामागे व्यवहाराच्या सोयीइतकाच सार्वभौमत्वाचा उच्चार होता. पुढे राज्य गेले तरी शिवराई बाजारात दीर्घकाळ फिरत राहिली, हेही तितकेच बोलके आहे.

अद्भुतिकेतील लेखक या मतांचा उल्लेख करीत नाहीत. पण प्रत्येक जण कळत वा नकळत यांपैकी एका बाजूला झुकतो आणि त्यातून त्याच्या जगाचा स्वभाव ठरतो.

३. पूर्वपीठिका : सोन्याची विटंबना

कल्पित समाजाच्या चित्रणात पैशाचा गंभीर विचार करणारी आधुनिक काळातील पहिली महत्त्वाची कृती म्हणजे टॉमस मोर यांची १५१६ साली प्रसिद्ध झालेली ‘युटोपिया’. या बेटावर अंतर्गत व्यवहाराला पैसाच नाही. सोनेचांदी आहे, पण तिचा उपयोग मलमूत्राची भांडी घडवण्यासाठी आणि गुलामांच्या बेड्यांसाठी होतो. मोती व रत्ने लहान मुलांची खेळणी ठरतात. परदेशी वकील सोन्याने मढून येतात तेव्हा तेथील लोक त्यांनाच गुलाम समजतात आणि साध्या वेषातील नोकरांना मान देतात.

हा प्रसंग विनोदी आहे, परंतु त्यातील युक्ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. मोर सोन्याचे अस्तित्व नाकारत नाहीत, त्याचा अर्थ उलटा करतात. शिवाय युटोपियाचे लोक सोने साठवतात ते युद्धप्रसंगी भाडोत्री सैनिक विकत घेण्यासाठी. म्हणजे ज्या समाजाने पैसा हद्दपार केला, त्यालाही शेजाऱ्यांशी व्यवहार करताना तो लागतोच. कल्पित चलनाचा प्रश्न सीमेवर उद्भवतो, हे सूत्र पुढील सर्व लेखकांत दिसेल.

सॅम्युएल बटलर यांच्या १८७२ सालच्या ‘एरव्हॉन’मध्ये दोन चलने एकाच वेळी चालतात. एक रोजच्या व्यवहाराचे. दुसरे ‘संगीत बँकां’चे. या दुसऱ्या बँका भव्य आहेत, तेथे वाद्ये वाजतात, प्रतिष्ठित लोक तेथे जातात आणि तिचे नाणे जवळ बाळगतात. त्या नाण्याने मात्र बाजारात काहीच मिळत नाही. बटलर यांचा रोख त्या काळच्या धर्मसंस्थेवर आहे, हे स्पष्टच आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, समाज ज्याला मोठे मानतो आणि ज्याने प्रत्यक्ष देवघेव करतो, त्या दोहोंतील दरी दाखवण्यासाठी बटलर यांना नाण्यासारखे दुसरे साधन सापडले नाही.

४. टॉल्किन : तीस चांदीच्या पेनी आणि एक अंगठी

टॉल्किन यांच्या मध्यपृथ्वीवर सोने पुष्कळ आहे, पैसा मात्र थोडा. ‘द हॉबिट’ (१९३७) या कादंबरीत स्माउग नावाचा महासर्प अगणित संपत्तीवर झोपलेला आहे. तिचा तो कोणताही उपयोग करीत नाही. ती खर्च होत नाही, उधार दिली जात नाही, फिरत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत तेथे मूल्याचा साठा आहे, पण विनिमय नाही. स्माउग मेल्यावर हा रोग माणसांना आणि बुटक्यांना जडतो. सरोवरनगरीचा प्रमुख लोकांच्या मदतीसाठी आलेले सोने घेऊन पळतो आणि ओसाड प्रदेशात सोबत्यांनी टाकून दिल्यावर उपासमारीने मरतो. सोने जवळ असून अन्न नाही, असा हा शेवट आहे. याउलट बिल्बो आपल्या हक्काच्या चौदाव्या हिश्श्याऐवजी सोन्याची एक आणि चांदीची एक अशा दोन लहान पेट्या घेऊन परततो आणि घरी येऊन पाहतो तो त्याच्याच सामानाचा लिलाव चाललेला असतो. स्वतःच्याच वस्तू त्याला पैसे मोजून परत घ्याव्या लागतात. महाकाव्यातील सोने आणि गावातील लिलाव यांतील हे अंतर टॉल्किन यांनी मुद्दाम राखले आहे.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या ग्रंथात किमतीचा सर्वांत नेमका उल्लेख ब्री या गावच्या खानावळीत येतो. प्रवाशांची तट्टे रात्री पळवली जातात. खानावळीचा मालक बटरबर हा स्वतःच्या खिशातून बारा चांदीच्या पेनी देऊन एक मरतुकडे तट्टू विकत घेतो; त्याची खरी किंमत फार तर याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी असते. शिवाय तो हरवलेल्या जनावरांची भरपाई म्हणून आणखी अठरा पेनी देतो. एकूण तीस. ब्रीच्या मानाने तो सधन असला तरी ही रक्कम त्याला जड जाते.

या उल्लेखात कोष्टक नाही. एका पेनीत काय येते हेही सांगितलेले नाही. तरीही वाचकाला ती रक्कम किती मोठी आहे ते कळते. लेखकाने ती तीन गोष्टींशी बांधली आहे : एका जनावराची रास्त किंमत, अडलेल्याला लुबाडणाऱ्याने मागितलेली किंमत आणि प्रामाणिक माणसाला बसलेला फटका. मूल्य येथे माणसामाणसांतील संबंधातून उमटते. पुढे ती तट्टे सापडून बटरबरकडेच येतात आणि त्याचा व्यवहार अखेरीस फायद्याचा ठरतो. प्रामाणिकपणाला न्याय मिळतो, तोही हिशेबाच्या रूपाने.

याच्या शेजारी ‘द पीपल्स ऑफ मिडल-अर्थ’ (१९९६) या मरणोत्तर प्रकाशित खंडातील माहिती ठेवून पाहावी. तेथे गोंडोरच्या ‘कास्टार’ आणि ‘थार्नी’ या नाण्यांची नावे मिळतात. थार्नी हे चांदीचे नाणे कास्टारचा चौथा हिस्सा, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थही ‘चतुर्थांश’ असाच. भाषाशास्त्रज्ञ टॉल्किन यांना नाण्यातही शब्दाचा इतिहास दिसत होता, हे यातून कळते. आपल्याकडील ‘पावली’ हा शब्द याच घडणीचा आहे. परंतु ही माहिती मुख्य कथनात त्यांनी येऊ दिली नाही. विद्यार्थ्यांनी यातून एक विवेक शिकावा : जगाविषयी लेखकाला जे ठाऊक असते ते सर्व कथेत आलेच पाहिजे असे नाही.

आणि मग अंगठी. ती सोन्याची आहे, वर्तुळाकार आहे, तिच्यावर अक्षरे कोरलेली आहेत, तिच्यावर एका सत्ताधीशाची मुद्रा आहे. नाण्याची बहुतेक लक्षणे तिच्यात आहेत, फक्त ती विकली जात नाही. ती खुनाने मिळते, सापडते, वारशाने जाते, स्वेच्छेने सोडली जाते. परंतु संपूर्ण कथेत तिचा सौदा कोणीही पुरा करत नाही. नाणे हातोहात फिरण्यासाठी असते. अंगठी धरणाऱ्याला धरून ठेवते. या दृष्टीने अंगठी हे नाण्याचे विरुद्ध रूप आहे, असे म्हणता येईल.

५. रोलिंग : न विभागणारे नाणे

‘हॅरी पॉटर’ मालिकेच्या पहिल्या भागात (१९९७) जादूगारांचे चलन सांगितले आहे : २९ नट म्हणजे एक सिकल, १७ सिकल म्हणजे एक गॅलियन. म्हणजे एका गॅलियनचे ४९३ नट.

हे आकडे हास्यास्पद वाटतात आणि ते तसे वाटावेत अशीच योजना आहे. ब्रिटनमध्ये १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान चलन आले. त्यापूर्वी १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड, म्हणजे २४० पेन्सचा पौंड चालत होता. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै होते. नव्या वाचकाला ही जुनी कोष्टके विक्षिप्त वाटतात. पण त्यांच्यामागे एक शहाणपण होते. २४० या संख्येला वीस विभाजक आहेत, १९२ला चौदा. अर्धा, पाव, अर्धपाव, तिसरा हिस्सा हे सर्व तोंडी हिशेबात पूर्ण संख्येत निघत. अशी कोष्टके बाजारात रोज वाटणी करणाऱ्या माणसांनी घासून तयार केलेली असतात.

रोलिंग यांचे १७ आणि २९ हे दोन्ही आकडे मूळसंख्या आहेत. ४९३ला १ आणि ती स्वतः सोडून दोनच विभाजक आहेत : १७ आणि २९. अर्धा गॅलियन म्हणजे साडेआठ सिकल; अर्धी सिकल म्हणजे साडेचौदा नट. तीन भावंडांत एक गॅलियन वाटता येत नाही. म्हणजे हे कोष्टक जुन्या पद्धतीचे अनुकरण नाही. जुनी पद्धत बाहेरच्या पोराला जशी दिसते तिचे ते चित्र आहे. वास्तवाच्या कसोटीवर ते अपुरे ठरते. दृष्टिकोनाच्या कसोटीवर मात्र ते अचूक आहे, कारण ते आपल्याला हॅरीच्या, म्हणजे नवागताच्या, जागी उभे करते.

मालिकेतील पैशाचे खरे सामर्थ्य या कोष्टकात नाही. ते चौथ्या भागातील (२०००) एका छोट्या प्रसंगात आहे. सामन्याच्या वेळी हॅरी आपल्या मित्रासाठी, रॉनसाठी, महागडी दुर्बीण विकत घेतो. पुढे मैदानावर लेप्रकॉन नावाच्या वेताळांनी उधळलेले सोने रॉन गोळा करतो आणि अभिमानाने हॅरीचे ऋण फेडतो. काही महिन्यांनी त्याला कळते की ते सोने काही तासांत नाहीसे होते. हॅरीला त्याचा पत्ताच लागलेला नसतो. रॉनला दुखते ते फसवणुकीने नव्हे. एवढे पैसे नाहीसे झाले तरी लक्षात येऊ नये इतके एखाद्याजवळ असावेत, हे त्याला दुखते.

संपूर्ण मालिकेतील गरिबीचे याहून नेमके चित्र क्वचितच असेल. येथे नाणे खोटे आहे, पण ऋण खरे आहे. फेड झाली असे एकाला वाटते आणि दुसऱ्याला ऋण होते हेच आठवत नाही. मैत्रीतली विषमता या दोन विस्मरणांच्या मध्ये उभी राहते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्याचा अनुभव घेतलेल्या आपल्या वाचकाला खिशातील चलन अकस्मात निरुपयोगी होण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. तोच धक्का कोणाला किती बसतो हे ज्याच्या त्याच्या पुंजीवर ठरते, हेही त्याला ठाऊक असते.

शेवटच्या भागात (२००७) मालकीचाच प्रश्न उभा राहतो. बँक चालवणाऱ्या गॉब्लिनांच्या मते वस्तूचा खरा मालक तिचा कारागीर असतो. विकत घेणारा ती केवळ हयातीपुरती भाड्याने घेतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर ती परत यावी. माणसांच्या मते किंमत मोजली की व्यवहार संपला. एका तलवारीवरून हा वाद पेटतो. हॅरी तलवार देण्याचे वचन देतो, पण ती केव्हा द्यायची ते मुद्दाम मोघम ठेवतो. नायकाच्या वर्तनातील ही खोट लेखिका लपवत नाही. ज्या समाजाचे सोने गॉब्लिन राखतात, तोच समाज त्यांच्या न्यायकल्पनेला दाद देत नाही, हा विरोध वाचकाच्या मनात राहतो.

६. प्रॅचेट : धातूपासून शहरापर्यंत

टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्ड मालिकेत चलनाचा विकास अनेक कादंबऱ्यांतून दाखवला आहे. ‘द कलर ऑफ मॅजिक’ (१९८३) या पहिल्याच कादंबरीत ट्वोफ्लॉवर नावाचा प्रवासी दूरच्या साम्राज्यातून येतो. त्याच्या देशात सोने विपुल आहे. अँख-मॉरपोर्क शहरात ते दुर्मिळ आहे. त्याच्या दृष्टीने किरकोळ असलेली नाणी येथे डोके फिरवतात. तो विम्याची कल्पनाही घेऊन येतो, आणि ती समजताच खानावळवाला आपल्या खानावळीचा विमा उतरवतो व ती पेटवून देतो. आगीत शहर होरपळते. पुन्हा प्रश्न सीमेवरचाच आहे : संस्था आयात करता येते, तिच्यामागचा विश्वास आयात करता येत नाही.

‘मेकिंग मनी’ (२००७) ही कादंबरी तर संपूर्णपणे याच विषयावर आहे. मोइस्ट फॉन लिपविग हा सुधारलेला ठक शहराच्या टांकसाळीचा व बँकेचा कारभारी होतो. त्याला आढळते की लहान नाणी पाडायला त्यांच्या किमतीहून अधिक खर्च येतो, आणि सोन्याच्या म्हणवणाऱ्या डॉलरमध्ये सोने नावालाच उरले आहे. त्याने पूर्वीच्या कादंबरीत टपाल तिकिटे काढली होती. लोक तीच सुट्ट्या पैशांप्रमाणे वापरू लागलेले असतात. येथून तो कागदी नोटेपर्यंत येतो. नोटेचे रेखाटन करतो तो तिकिटांची नक्कल केल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेला माणूस. खोटे बनवणाराच खऱ्याची खूण घडवतो, हा विनोद वरवरचा नाही.

पुढे तळघरातील सोने नाहीसे झाल्याचे उघड होते. तरीही शहर चालू राहते. लिपविगचा युक्तिवाद असा की नोटेमागे सोने नसून शहरच उभे आहे : तेथील कारागीर, बाजार, गजबज. अखेरीस प्राचीन काळातील चार हजार मृण्मय गोलेम हाती येतात आणि त्यांचे श्रम हे चलनाचे तारण ठरते. मात्र त्यांतील बहुतेकांना पुन्हा जमिनीखाली ठेवले जाते, कारण एवढे श्रम एकदम बाजारात आले तर माणसांची कामे जातील. म्हणजे सोन्याच्या जागी श्रम आले, आणि श्रमही सोन्याप्रमाणेच पुरून ठेवावे लागले. प्रॅचेट यांनी हे हसत सांगितले आहे. त्यातील पेच मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

कादंबरी प्रसिद्ध झाली तो सप्टेंबर २००७. त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या होत्या. हा योगायोग आहे, लेखकाचे भाकीत नव्हे. पण बँकेचा पाया तिजोरीत नसून रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मनात असतो, हे कादंबरीतील विधान त्या दिवसांत रस्त्यावर वाचायला मिळत होते.

याच संदर्भात जॉर्ज मार्टिन यांच्या मालिकेतील लोखंडी नाण्याचा उल्लेख करावासा वाटतो. आर्या या मुलीला मिळालेल्या या नाण्याला बाजारात मोल नाही. परंतु ठरलेले शब्द उच्चारून ते पुढे करताच जहाजाचा कप्तान तिला प्रवासाची जागा देतो. त्याच मालिकेतील राजसत्ता साठ लाखांहून अधिक सुवर्णनाण्यांच्या कर्जात आहे. एकीकडे धातूचे मूल्य शून्य आणि वचनाचे मूल्य पूर्ण. दुसरीकडे धातू अमाप आणि वचन डळमळीत.

७. ल ग्विन : पैसा नसलेली भाषा

अर्सुला ल ग्विन यांची ‘द डिस्पझेस्ड’ (१९७४) ही काटेकोर अर्थाने विज्ञानकादंबरी आहे. तथापि आपल्या विषयाची दुसरी बाजू तिच्याखेरीज पुरी होत नाही. अनारेस या ग्रहावर पैसा नाही, आणि म्हणून तेथील प्राविक भाषेत स्वामित्वदर्शक शब्द टाळले जातात. मूल ‘माझी आई’ असे सहसा म्हणत नाही, ‘आई’ म्हणते. शेवेक हा शास्त्रज्ञ उरास ग्रहावर येतो तेव्हा झगमगत्या दुकानांच्या रस्त्याने तो गुदमरतो. वस्तू सर्वत्र आहेत, पण त्या करणारे हात कोठेच दिसत नाहीत. तेथील अर्थशास्त्र वाचू पाहता त्याला ते एखाद्या आदिम धर्माच्या कर्मकांडासारखे निरर्थक व कंटाळवाणे वाटते.

ल ग्विन यांनी अनारेसला स्वर्ग केलेले नाही. तेथे दुष्काळ आहे, आणि पैशाची सत्ता नसली तरी लोकमताची सत्ता आहे. परंतु पैसा काढून टाकायचा तर व्याकरणापासून सुरुवात करावी लागेल, ही त्यांची जाणीव वाङ्मयाच्या अभ्यासकाला विशेष मोलाची आहे.

८. नाणे आणि बोली

येथून आपण निबंधाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. चलन बाजारातून गेले तरी भाषेतून जात नाही. यादवकालीन लेखांतील ‘द्रम्म’ हा शब्द ग्रीक ‘द्राख्म’पासून आलेला, त्याचाच ‘दाम’ आपण आजही बोलतो. आणा चलनातून गेल्याला कैक दशके झाली, तरी ‘सोळा आणे खरे’ हे आजही खरे आहे. सरकारी कागदावर ‘पैसेवारी’ आली तरी पीक बुडालेल्या गावात माणसे ‘आणेवारी किती लागली’ असेच विचारतात, आणि त्या उत्तरावर त्यांचे वर्ष अवलंबून राहिलेले असते. कवडीमोल, दमडीची किंमत नसणे, पै पै जोडणे, नाणे खणखणीत असणे : प्रत्येक प्रयोगात एक लुप्त चलन आणि एक जिवंत अनुभव एकत्र नांदतो.

कल्पित चलनाची अंतिम कसोटी हीच मानावी, असे सुचवावेसे वाटते. त्या जगातील माणसे आपल्या नाण्याच्या भाषेत खरेखोटे, मोठेलहान, प्रामाणिक-लबाड असा विचार करतात काय? टॉल्किन यांचा ‘थार्नी’ शब्दाच्या व्युत्पत्तीत जिवंत आहे, पण पात्रांच्या तोंडी तो येत नाही. रोलिंग यांच्या पात्रांच्या बोलीत चलनाचे वाक्प्रचार फारसे रुजलेले नाहीत; तेथे पैशाचा अनुभव प्रसंगांतून येतो. प्रॅचेट यांच्या शहरात चलन बोलण्याचा, थट्टेचा आणि भांडणाचा विषय असते. ल ग्विन यांच्याकडे त्याचा अभावच भाषा घडवतो.

या कसोटीचा उपयोग अनुवादाच्या अभ्यासातही होईल. गॅलियन हे खजिना वाहणाऱ्या स्पॅनिश जहाजाचे नाव, सिकल म्हणजे विळा, शिवाय त्यात प्राचीन ‘शेकेल’चा ध्वनी, आणि नट हे एका जुन्या राजाचे नाव. मराठीत लिप्यंतर केले की या छटा जातात. होन, मोहर, ढब्बू असे देशी शब्द योजले तर परकेपणाची मौज जाते आणि नको तो इतिहास आत येतो. यावर एकच उत्तर नाही. परंतु नाण्याचे नाव हे निव्वळ विशेषनाम नाही, एवढे भान अनुवादकाने व शिक्षकाने ठेवले पाहिजे.

९. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. एक, कल्पित चलनाचा प्रश्न बहुधा दोन समाजांच्या सीमेवर तीव्र होतो. युटोपियाचे वकील, ट्वोफ्लॉवर, शेवेक आणि स्वतः हॅरी हे सर्व सीमा ओलांडणारे आहेत. दोन, रकमेचा अर्थ कोष्टकाने कळत नाही; बटरबरच्या तीस पेनी आणि रॉनचे विरून गेलेले सोने यांना कोष्टकाची गरज पडत नाही. तीन, नाणे हा दिलेल्या शब्दाचा धातूत वा कागदावर उमटलेला ठसा आहे, आणि म्हणून शब्दांवर जगणाऱ्या वाङ्मयाशी त्याचे नाते वरवरचे नाही.

पदव्युत्तर वर्गात अद्भुतिका शिकवताना विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न देता येईल : या जगात सर्वांत गरीब माणूस कोण आहे, आणि तो ते कोणत्या नाण्यात मोजतो? ज्या कृतीत या प्रश्नाला उत्तर मिळते, तिच्यातील अद्भुत हे पळवाट नसते. बटरबर तीस पेनी मोजून देतो आणि त्याला त्या जड जातात. प्रतिसृष्टीचा पाया अशाच ठिकाणी पक्का होतो.